२.७७८ : पौंड कोसळला त्या दिवसाचा घटनाक्रम

१६ सप्टेंबर १९९२. ब्रिटनच्या आर्थिक इतिहासात हा दिवस ‘ब्लॅक वेन्सडे’, म्हणजे काळा बुधवार म्हणून नोंदला गेला आहे. त्या दिवशी ब्रिटिश सरकार सकाळपासून एकच आकडा वाचवण्याची शिकस्त करत होते : २.७७८. एका पौंडाला निदान इतके जर्मन मार्क मिळालेच पाहिजेत, पौंड त्याखाली जाऊ द्यायचा नाही, असे वचन सरकारने युरोपला दिले होते. संध्याकाळपर्यंत परकीय चलनाची गंगाजळी ओतून झाली, एका दिवसात दोनदा व्याजदरवाढ जाहीर करून झाली आणि तरीही वचन मोडले.

पुढे हा दिवस जॉर्ज सोरोस या सटोडियाच्या नावावर जमा झाला. सोरोस यांनी त्या दिवशी प्रचंड पैसा कमावला हे खरे. पण सटोडिये आले शेवटच्या काही दिवसांत. आपल्या अर्थव्यवस्थेला न पेलणारा विनिमय दर सरकारने प्रतिष्ठेचा केला, तेव्हाच हे संकट सुरू झाले होते. म्हणून हा घटनाक्रम बुधवारच्या सकाळपासून नव्हे, बराच मागून मांडायला हवा. त्या दिवसाच्या सर्व वेळा लंडनच्या आहेत.

आठ दशके आधी : उतार

पहिल्या महायुद्धापूर्वी दोन्ही चलने सोन्याला बांधलेली होती आणि एका पौंडाला सुमारे २०.४३ मार्क मिळत. युद्धाने ती घडी मोडली. नोव्हेंबर १९२३ मध्ये जर्मनीतील महागाई अशा थराला गेली की एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागले. आयुष्यभराची बचत एका पावाच्या किमतीची उरलेली त्या पिढीने पाहिली. महागाईची जर्मनांना वाटणारी धास्ती तिथून आली आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या बुंडेसबँक या त्यांच्या मध्यवर्ती बँकेने ती धोरण म्हणून जपली.

जून १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत नवा डॉइश मार्क आला. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलर असे अवमूल्यन केले. मार्कही तेव्हा थोडा उतरला आणि पौंडाचा भाव ११.७६ मार्क ठरला. १९६१ मध्ये जर्मनीने मार्क ५ टक्क्यांनी महाग केला : ११.२० मार्क. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे पुन्हा अवमूल्यन झाले : ९.६० मार्क. १९६९ मध्ये मार्क पुन्हा महाग झाला : पावणेनऊ मार्कांच्या आसपास. त्यानंतर स्थिर दरांची जागतिक व्यवस्थाच मोडली आणि १९९० उजाडेपर्यंत पौंड ३ मार्कांच्या घरात आला होता.

या उतारामागचे कारण साधे आहे. या दशकांत ब्रिटनमध्ये भाव जर्मनीपेक्षा भराभर वाढत गेले, कारखान्यांची उत्पादकता मात्र त्या वेगाने वाढली नाही. ज्या चलनाची घरात खरेदीशक्ती घटते, ते बाहेरही घसरते. ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या मनात मात्र एक इच्छा घर करून बसली : पौंड मार्कालाच बांधून टाकला, तर जर्मनीची शिस्त आपोआप आपल्याकडे येईल.

७०९ दिवस आधी : ८ ऑक्टोबर १९९०

ब्रिटन युरोपच्या विनिमय दर यंत्रणेत, ‘ईआरएम’मध्ये सामील झाला. पंतप्रधान होत्या मार्गारेट थॅचर, अर्थमंत्री होते जॉन मेजर. पौंडाचा मध्यवर्ती भाव २.९५ मार्क ठरला आणि दोन्ही बाजूंना ६ टक्क्यांची मुभा मिळाली. वरची मर्यादा ३.१३२, खालची २.७७८.

या यंत्रणेचा नियम असा होता की, चलन मर्यादेला टेकले की मध्यवर्ती बँकेने त्या भावाने येईल तितका माल उचलायचा. कोणी कितीही पौंड विकायला आणले, तरी बँक ऑफ इंग्लंडने ते २.७७८ मार्क मोजून घेतलेच पाहिजेत. ‘येईल तितका’ या अटीतला धोका तेव्हा फार थोड्यांना दिसला.

वेळही चुकीची निवडली गेली. ब्रिटनमध्ये महागाई जोरात होती, सामील होईपर्यंत व्याजदर १५ टक्के होता आणि मंदी दारात उभी होती. तिकडे बर्लिनची भिंत पडून वर्ष व्हायचे होते. १ जुलै १९९० रोजी पूर्व जर्मनीचा मार्क पश्चिमेच्या मार्कात बदलून देण्यात आला. पगारांसाठी आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या बचतीसाठी हा दर एकास एक होता. पूर्वेच्या उभारणीसाठी जर्मन सरकारने अफाट खर्च सुरू केला, महागाई चढू लागली आणि बुंडेसबँकेने व्याजदर वाढवायला सुरुवात केली.

६२ दिवस आधी : १६ जुलै १९९२

बुंडेसबँकेने आपला डिस्काउंट दर ८.७५ टक्क्यांवर नेला. जर्मनीपुरता हा निर्णय योग्यच होता. ब्रिटनसाठी तो घात होता. मार्कांत पैसे ठेवून इतके व्याज मिळत असेल, तर पौंड कोण धरून ठेवणार? भाव टिकवायचा तर ब्रिटनलाही व्याजदर चढे ठेवणे भाग होते.

त्या वेळी ब्रिटनची स्थिती काय होती? बेकारांची संख्या २८ लाखांच्या घरात गेली होती. १९९१ या एका वर्षात हप्ते थकल्यामुळे ७५ हजारांहून अधिक घरे कर्ज देणाऱ्या संस्थांनी ताब्यात घेतली होती. ब्रिटनमधील बहुतेक गृहकर्जे बदलत्या व्याजदराची असल्यामुळे दर अर्धा टक्का वाढला तरी तो थेट घराघरातील महिन्याच्या हिशेबात उतरे. अशा देशाला स्वस्त पैसा हवा होता. विनिमय दराचे वचन पाळण्यासाठी त्याला महाग पैसा दिला जात होता.

चलनबाजारातल्या लोकांनी ही विसंगती ओळखली. जूनमध्ये डेन्मार्कच्या जनतेने युरोपच्या एकीकरणाचा मास्ट्रिख्ट करार सार्वमतात फेटाळला होता. त्याच करारावर फ्रान्समधले सार्वमत २० सप्टेंबरला होते. युरोपीय चलनांची ही मोट टिकते की नाही, अशी शंका आता उघड बोलली जाऊ लागली.

११ दिवस आधी : ५ सप्टेंबर

इंग्लंडमधील बाथ शहरात युरोपच्या अर्थमंत्र्यांची आणि मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांची बैठक झाली. यजमान होते ब्रिटनचे अर्थमंत्री नॉर्मन लामाँट. त्यांनी बुंडेसबँकेचे अध्यक्ष हेल्मुट श्लेसिंगर यांच्याकडे व्याजदर कमी करण्याची मागणी एकदा नव्हे, वारंवार लावून धरली. श्लेसिंगर संतापून उठून जाण्याच्या बेतात होते. आपली बँक कोणत्याही सरकारचा हुकूम घेत नाही, ही त्यांची भूमिका होती. बैठकीतून ठोस काही निघाले नाही. कटुता तेवढी उरली.

दोनच दिवसांपूर्वी ब्रिटनने पौंडाच्या बचावासाठी १० अब्ज एकूचे (एकू हे युरोपचे सामायिक हिशेबी चलन), म्हणजे सुमारे सव्वासात अब्ज पौंडांचे परकीय चलनातील कर्ज जाहीर केले होते. त्यानंतर पाच दिवसांत, ८ सप्टेंबरला, फिनलंडने आपल्या मार्क्का या चलनाची बांधणी सोडली. तरीही १० तारखेला ग्लासगोमध्ये उद्योजकांसमोर बोलताना मेजर, जे आता पंतप्रधान होते, अवमूल्यनाला सोपी पळवाट आणि देशाच्या भवितव्याशी द्रोह म्हणाले. इतके जाहीर बोलल्यावर त्यांना मागे फिरायला वाट उरली नाही.

३ दिवस आधी : १३ सप्टेंबर

रविवारी इटलीच्या लिराचे ७ टक्के अवमूल्यन जाहीर झाले. बदल्यात सोमवारी जर्मनीने व्याजदर जेमतेम पाव ते अर्धा टक्का कमी केले. बाजाराने यातून सोयीचा अर्थ काढला. ज्याला ढकलले जाते ते चलन पडते, मग पुढचा नंबर कोणाचा? सगळ्यांची बोटे पौंडाकडे वळली.

२४ तास आधी : मंगळवार, १५ सप्टेंबर

पौंड मर्यादेच्या अगदी काठावर बंद झाला. त्या संध्याकाळी एक बातमी फुटली. ‘हांडेल्सब्लाट’ या जर्मन दैनिकाला आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला श्लेसिंगर यांनी मुलाखत दिली होती. लिराच्या अवमूल्यनाने प्रश्न सुटलेला नाही, आणखी चलनांचे दर बदलायला हवे होते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय छापायला निघाला होता. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर रॉबिन ली-पेंबर्टन यांनी फोन करून खुलासा मागितला. मजकूर आपण अजून मंजूर केलेला नाही, पाहून घेऊ, असे उत्तर आले. तोवर बातमी न्यूयॉर्कच्या पडद्यांवर पोहोचली होती. पौंडाच्या मागे जर्मनी उभा राहणार नाही, एवढाच अर्थ व्यापाऱ्यांनी त्यातून घेतला.

न्यूयॉर्कमध्ये सोरोस यांच्या क्वांटम फंडाने पौंडाची मंदी केली होती. पौंड उसने घ्यायचे, ते विकून मार्क घ्यायचे आणि भाव पडला की स्वस्तात पौंड विकत घेऊन उसनवारी फेडायची, असा हा व्यवहार. फंडाचे व्यवस्थापक स्टॅनली ड्रकनमिलर यांनी तो आखला. सोरोस यांनी तो कैक पटींनी मोठा करायला सांगितले आणि आकडा सुमारे १० अब्ज डॉलरपर्यंत गेला. ते एकटे नव्हते. बँका, निवृत्तिवेतन निधी, निर्यातदार कंपन्या असे सगळेच पौंड काढून मार्क घेऊ लागले होते.

११ तास उरले : बुधवार, सकाळी ८.३०

बाजार उघडतानाच बँक ऑफ इंग्लंड खरेदीत उतरली. साडेआठच्या आत ३० कोटी पौंडांची खरेदी दोनदा झाली. भाव हलला नाही. विक्रीचा लोंढा इतका होता की बँकेची खरेदी त्यात दिसेनाशी झाली.

एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. बँक पौंड विकत घेत होती ते आपल्याकडचे मार्क आणि डॉलर देऊन. पौंड छापता येतात, मार्क छापता येत नाहीत. गंगाजळीला तळ होता, विक्रीला मर्यादा नव्हती. शिवाय विकणाऱ्याला जोखीम जवळजवळ नव्हतीच. पौंड टिकला तर त्याचे नुकसान किरकोळ, पडला तर नफा घसघशीत.

साडेआठ तास उरले : सकाळी ११

साडेदहाच्या सुमारास लामाँट यांनी मेजर यांना फोन केला. व्याजदर १० वरून १२ टक्क्यांवर नेण्याचे ठरले आणि घोषणा झाली. लामाँट आपल्या कचेरीतल्या पडद्यावर पौंडाचा भाव पाहत उभे राहिले. रेषा जागची हलली नाही. हा डाव आपण हरलो, हे आपल्याला त्याच क्षणी कळले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

व्याजदरवाढ निष्फळ का ठरली, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, कोणी १ कोटी पौंड उसने घेऊन विकले आहेत. व्याज वर्षाला २ टक्क्यांनी वाढले तर त्याचा जादा खर्च दिवसाला साधारण ५५० पौंड. आणि पौंड १० टक्क्यांनी पडला तर त्याचा नफा १० लाख पौंड. दिवस-दोन दिवसांच्या खेळात अशा व्याजाने कोणीही माघार घेत नाही. पण तीच दरवाढ लंडनमधल्या शिक्षिकेच्या किंवा लीड्समधल्या गवंड्याच्या गृहकर्जावर वर्षानुवर्षे बसली असती. सटोडियांना सहज पेलणारी आणि सामान्य घराला चिरडणारी ही शिक्षा होती.

त्याच दिवशी स्वीडनने आपला क्रोना वाचवण्यासाठी बँकांना एका रात्रीपुरत्या दिल्या जाणाऱ्या कर्जाचा दर ५०० टक्क्यांवर नेला. नोव्हेंबरमध्ये क्रोनाही सुटला.

पावणेसात तास उरले : दुपारी १२.४५

पंतप्रधानांच्या निवासस्थानाचे काम चालू असल्याने मेजर ॲडमिरल्टी हाउसमध्ये होते. यंत्रणेतून ताबडतोब बाहेर पडावे, असे लामाँट आणि बँकेच्या अधिकाऱ्यांचे मत झाले होते. मेजर यांनी परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड, गृहमंत्री केनेथ क्लार्क आणि व्यापारमंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनाही चर्चेत घेतले. निर्णय एकट्याचा ठरू नये, पक्षातल्या युरोपवाद्यांचा त्यावर हात असावा, हा त्यामागचा विचार होता. राजकारणाच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे, पण देशाला तो महाग पडला. बाजारभाव दाखवणारा पडदा त्या खोलीत नव्हता. मंत्री बोलत होते त्या प्रत्येक मिनिटाला, नियमानुसार, बँक ऑफ इंग्लंड पडेल भावात येणारा पौंड चढ्या भावात विकत घेत होती.

बाहेर पडण्याऐवजी आणखी एक प्रयत्न करायचा, असे बैठकीत ठरले.

सव्वापाच तास उरले : दुपारी २.१५

दुसरी घोषणा : उद्यापासून व्याजदर १५ टक्के. एका दिवसात पाच टक्क्यांची वाढ.

परिणाम नेमका उलटा झाला. बेकारी वाढत असलेल्या देशाचे निवडून आलेले सरकार १५ टक्के व्याज चार दिवसही टिकवू शकणार नाही, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होते. घोषणेमागचा निर्धार कोणी पाहिला नाही, अगतिकता सर्वांनी पाहिली. विक्रीचा जोर आणखी वाढला.

साडेतीन तास उरले : दुपारी ४

यंत्रणेच्या नियमांनुसार त्या दिवशीचे खरेदीचे बंधन चार वाजता संपत होते. बँक ऑफ इंग्लंडने खरेदी थांबवली. आधार निघताच पौंड २.७७८ च्या खाली घसरला. पाचच्या सुमारास मंत्री पुन्हा जमले. आता ठरवण्यासारखे काही उरले नव्हते. जे घडले होते ते जाहीर कसे करायचे, एवढाच प्रश्न होता.

शून्य : संध्याकाळी ७.३० च्या सुमारास

लामाँट अर्थखात्याच्या इमारतीबाहेर कॅमेऱ्यांसमोर आले. आजचा दिवस अत्यंत कठीण आणि खळबळीचा गेला, असे सांगून त्यांनी पौंडाचे सदस्यत्व स्थगित केल्याचे आणि १५ टक्क्यांपर्यंतची व्याजदरवाढ रद्द केल्याचे जाहीर केले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांत त्यांचा एक तरुण सल्लागार होता, डेव्हिड कॅमेरन. पुढे पंतप्रधान म्हणून त्यांनीच ब्रिटनच्या युरोपीय संघातील सदस्यत्वावर सार्वमत घेतले.

त्यानंतर

रात्री ब्रुसेल्समध्ये बैठक बसली. लिराही यंत्रणेबाहेर गेली, स्पेनच्या पेसेटाचे ५ टक्के अवमूल्यन झाले. गुरुवारी ब्रिटनचा व्याजदर पुन्हा १० टक्क्यांवर आला. पौंड उतरत वर्षअखेरीस २.४५ मार्कांच्या आसपास स्थिरावला. सोरोस यांच्या फंडाचा नफा सुमारे १ अब्ज डॉलर होता. ब्रिटिश करदात्यांच्या तोट्याचा अंदाज २००५ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांत सापडतो : ३.३ अब्ज पौंड.

पण आपत्ती म्हणून गाजलेल्या त्या दिवसानंतर देश बुडाला नाही. जानेवारी १९९३ पर्यंत व्याजदर ६ टक्क्यांवर आले. ऑक्टोबर १९९२ मध्येच सरकारने विनिमय दराऐवजी महागाईचा दर हेच लक्ष्य ठरवले : १ ते ४ टक्के. महागाई आटोक्यात राहिली, अर्थव्यवस्था सावरू लागली, पुढे बेकारीही घटली. ऑगस्ट १९९३ मध्ये उरलेल्या देशांनाही ६ किंवा सव्वादोन टक्क्यांची मुभा सोडून १५ टक्क्यांची मुभा घ्यावी लागली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची अर्थकारणातील पत मात्र गेली ती गेलीच. १९९७ ची निवडणूक ते दारुण हरले. मार्क युरोत विलीन झाला, पौंड अजून स्वतंत्र आहे.

निकाल

ब्रिटनला हा धडा घ्यायला इतकी किंमत मोजावी लागायला नको होती. तो लंडनमध्येच सत्तर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सादर केलेल्या प्रबंधावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा पौंडाशी असलेला भाव स्थिर ठेवण्यावर तेव्हाचे सरकार भर देत होते. आंबेडकरांचे प्रतिपादन असे की, खरा प्रश्न रुपयाची देशातील खरेदीशक्ती स्थिर ठेवण्याचा आहे. ती टिकली तर विनिमय दर आपोआप टिकेल आणि ती ढासळली तर दर धरून ठेवण्यात अर्थ नाही. सोरोसही पुढे त्याच संस्थेत शिकले. १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने दर आधी ठरवला आणि अर्थव्यवस्थेने त्यात बसावे अशी अपेक्षा धरली. बुधवारी त्या उलट्या क्रमाचा हिशेब चुकता झाला.

काळ्या बुधवारच्या चौदा महिने आधी, जुलै १९९१ मध्ये, आपल्या रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी, मुख्यतः बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवावे लागले होते आणि त्याच महिन्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. त्यामुळे रिकामी होत चाललेली गंगाजळी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही रुपया काही पैशांनी घसरला की आपल्याकडे देशाची अब्रू गेल्यासारखी चर्चा सुरू होते. तशी बातमी वाचताना वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत : हा भाव धरून ठेवायला किती गंगाजळी खर्च होते आहे, त्यासाठी व्याज किती चढे ठेवले आहे, आणि ते व्याज कोणाच्या हप्त्यातून व कोणाच्या रोजगारातून वसूल होते आहे? चलनाचा भाव ही देशाची अब्रू नव्हे. महागाई, रोजगार आणि कर्जाचा बोजा सांभाळणे ही सरकारची खरी जबाबदारी आहे आणि सरकारला जाब त्याचाच विचारायला हवा.